ड्रायव्हरच्या खोलीतली फ्रेंच बाई

सहर नावाच्या एका सौदी मुलीने आपल्या घरच्या बायकांना एक फ्रेंच सिनेमा दाखवला, तर त्यात रत्नागिरीकडच्या मुझम्मिल सोलकरचा काय फायदा, हे आधीच मांडून घेतलेले बरे. नाहीतर पुढे त्याने जे काही केले ते कलेच्या प्रेमापोटी केले, असा कोणाचा तरी गैरसमज व्हायचा. मुझम्मिलला कलेशी काही देणेघेणे नव्हते. त्याला आपली खुर्ची परत हवी होती.

ही खुर्ची जेद्दात, अल अझीझियामधल्या एका ऑफिसात होती. कंपनी एअरकंडिशनरचे सुटे भाग विकायची आणि मुझम्मिल तिचा कारभार बघायचा. उंच पाठीची, मागे रेलले की कुरकुरणारी ती खुर्ची त्याच्या पाठीच्या आकाराची झाली होती, किंवा पाठ खुर्चीच्या आकाराची; इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नव्हते. मग सौदीकरणाचे दिवस आले. बसून करायची कामे सौदी माणसांना द्या, असा हुकूम निघाला, आणि कफिलाने, म्हणजे ज्याच्या नावावर मुझम्मिलचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि पर्यायाने श्वासोच्छ्वास चालू होता त्या मालकाने, आपली पुतणी आणून बसवली. पुतणी फ्रान्समध्ये लियाँला शिकून आलेली. "हिला काम शिकव," कफील म्हणाला, आणि गेला.

आपल्याच जागी बसणाऱ्याला किती शिकवावे, याबद्दल कोणत्याही धर्मात स्पष्ट मार्गदर्शन नाही. मुझम्मिलने मधला मार्ग काढला. फायली कुठे आहेत ते शिकवले. फायलीत काय आहे ते शिकवले नाही.

पण अपमान तिथे संपला नाही. ऑफिसात बाई असेल तर तिला दार असलेली वेगळी खोली हवी. दार असलेली खोली एकच होती, मुझम्मिलची. तेव्हा सहर आत गेली आणि मुझम्मिल बाहेर, बोळात, पाण्याच्या कूलरशेजारी एका लहान टेबलावर आला. येणारा-जाणारा पाणी पिऊन ग्लास त्याच्या टेबलावर ठेवी. गोदामातले हमाल त्याला विचारत, "आज गार येत नाही का?" जणू तो कूलरचा मुकादम.

हे सगळे त्याने गिळले असते. पण मुलगी अफशाँ भारतीय शाळेत अकरावीला होती. शाबान महिन्यात इकामा संपत होता. तो पुढे वाढला नाही तर तिघांनी गाशा गुंडाळायचा आणि पोरीने बारावीच्या तोंडावर शाळा सोडायची. अफशाँला हे सुचवून बघितले होते. ती मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणाली, "अब्बा, डोन्ट इव्हन स्टार्ट." विषय संपला होता, प्रश्न नव्हता.

तर मुझम्मिलचा हिशेब सोपा होता. सहर खुर्चीतून उठली की खुर्ची आपली, आणि खुर्चीबरोबर इकामाही. आणि सहरला उठवायचा मार्ग तिनेच दाखवला होता. देशात सिनेमागृहे उघडणार अशी बातमी नुकतीच आली होती आणि पोरगी दिवसभर कोटेशनांच्या आड सिनेमांबद्दल वाचत असे. तिला पुन्हा लियाँला जाऊन सिनेमा शिकायचा होता. अडसर एकच, तिची काकू, म्हणजे कफिलाची बायको. तिला थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे उम्म इब्राहीम म्हणत, आणि कफील बाजारात कोणाच्या बापाला भीत नसला तरी उम्म इब्राहीमला भिई. सिनेमा म्हणजे बेशरमपणा, असे तिचे मत होते. सहरने एकदा कूलरपाशी उसासा टाकून म्हटले, "काकूने एक, फक्त एक चांगला सिनेमा पाहिला ना, तर तीच मला विमानात बसवील."

मुझम्मिलने हातातला पेला खाली ठेवला. "मग दाखवू या," तो म्हणाला. इतक्या उत्साहाने त्याने आयुष्यात कोणाला काही दाखवू म्हटले नव्हते.

या भानगडीत मासूमा कशी आली तेही सांगितले पाहिजे. मासूमा म्हणजे मुझम्मिलची बायको. सहरने पहिल्याच आठवड्यात त्याच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे कालवण चाखले, दुसऱ्या आठवड्यात डबा आतच जाऊ लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात सहर ड्रायव्हरला घेऊन थेट त्यांच्या फ्लॅटवर उगवली. तेव्हापासून तिचे येणे सुरू झाले ते थांबेना. मासूमाला कुराणापुरती अरबी, तीही पाठ. सहरला हिंदी येत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. दोघींत समाईक शब्द एकच, 'खाला', म्हणजे मावशी. सहर तिला खाला म्हणायची आणि मासूमा ओ द्यायची. तेवढ्या एका शब्दावर दोघी स्वयंपाकघरात तास तास बसत आणि मध्येच हसत सुटत. मुझम्मिल बाहेरून कान देई.

"काय बोलता तुम्ही एवढं?" त्याने एकदा विचारले.

"काय बोलणार? तिला कुठे काही कळतं."

"मग हसता कशाला?"

"मलापण कळत नाही ना," मासूमा म्हणाली, आणि परत हसू लागली.

मुझम्मिलला हे आवडले नव्हते. शत्रूला जेवू घालावे, पण इतके मनापासून नाही.

सहरने निवडलेला सिनेमा असा होता. फ्रान्सच्या एका खेड्यात एक खाष्ट म्हातारी विधवा, तिची द्राक्षाची बाग. सरकारचा कर थकलेला. तो वसूल करायला शहरातून एक तरुण अधिकारीण येते, बागेवर जप्ती आणायला. आधी दोघी भांडतात, मग हळूहळू मैत्रिणी होतात, शेवटी बाग जाते आणि दोघी स्टेशनावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. लियाँला म्हणे थिएटरातले लोक रडले होते.

उम्म इब्राहीमने परवानगी दिली, अटींसह. दारू दिसता कामा नये. मिठ्या-मुके नकोत. आणि घरात कुत्रा फिरताना दाखवू नका. सहर डोक्याला हात लावून बसली. "मी नाही कापणार," ती म्हणाली. "माझा हात नाही होणार." मुझम्मिल म्हणाला, "माझा होईल." कंपनीच्या जाहिरातीचा व्हिडिओ एकदा त्याने स्वतः जुळवला होता. त्यात कॉम्प्रेसर उलटा दिसत असे, पण ते गिऱ्हाइकांच्या लक्षात आले नव्हते.

शुक्रवारी जेवणानंतर तो लॅपटॉप उघडून बसला आणि फ्लॅट माणसांनी भरला. खालच्या मजल्यावरचे गफूरभाई आले. हे म्हसळ्याचे, त्याच कंपनीत पासपोर्ट, इकामे, शिक्के अशा सरकारी कामांची धावपळ करणारे. समोरच्या इमारतीतले अण्णासाहेब आले. ते सांगलीचे इंजिनिअर. तरुणपणी फिल्म सोसायटीचे सभासद होते आणि तेव्हापासून त्यांनी कोणताही सिनेमा बसून पाहिला नव्हता, नुसता समजून घेतला होता.

"सोलकर, एक चौकट कापलीत तरी तो खून आहे," अण्णासाहेब म्हणाले.

"खून नंतर बघू," गफूरभाई म्हणाले. "ही म्हातारी काय पितेय ते आधी सांग."

म्हातारी वाइन पीत होती. बाग द्राक्षाची, तेव्हा दुसरे काय पिणार. सकाळी पीत होती, जेवताना पीत होती, नवऱ्याच्या थडग्यावरही थोडी ओतून उरलेली पीत होती. अडचण ही की अधिकारीण भांडण सोडून मैत्री करायला लागते ती पहिल्या पेल्यापासून. पुढे मैत्री वाढते तसतसा पेला भरतो.

"व्हिम्टोचं सरबत म्हणून सांग," गफूरभाईंनी तोड काढली. "रमजानमध्ये सगळ्या बायका पितात. लाल तर लाल."

"व्हिम्टो पिऊन म्हातारी टेबलावर नाचेल?"

गफूरभाईंनी नाच पुन्हा लावायला सांगितला, लक्ष देऊन पाहिला, आणि म्हणाले, "नाचणार नाही. काप."

पेले कापले. मिठ्या कापल्या. कुत्रा कापायचा तर म्हातारीच्या बैठकीची खोलीच कापावी लागली, कारण तो तिथून हलतच नसे. मासूमा चहा द्यायला आली आणि म्हणाली, "तिचे दंड फार उघडे आहेत, ते पण बघा." दंड कापले. अण्णासाहेबांनी निषेध म्हणून चहा घेतला नाही, मग निवत आलेला पाहून घेतला. संध्याकाळी सिनेमा पाऊण तासाचा उरला. त्यात दोन बायका कडाक्याने भांडतात, एक गाढव रस्ता ओलांडते, आणि दोघी एकदम स्टेशनावर रडू लागतात.

"हे काहीच कळत नाही," मासूमा म्हणाली.

"फ्रेंच सिनेमा असाच असतो," अण्णासाहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आणि कापलेल्या सिनेमाचा सूर जुळला.

खरा घाव पुढे होता. अरबी अक्षरे सिनेमाखाली उमटत, ती एका वेगळ्या फायलीतून. सिनेमा कापला, पण ती फाइल कापायचे मुझम्मिलच्या ध्यानात आले नव्हते. आता म्हातारी जप्तीची नोटीस फाडत होती तेव्हा खाली 'आज सूप छान झालंय' असे उमटत होते, आणि गाढव रस्ता ओलांडताना 'तुझ्याशिवाय मी कशी जगू' असे म्हणत होते. दुरुस्त करायला गेला तर गाढव नुसते अर्धे वाक्य पुढे सरकले. शेवटी सहर म्हणाली, "राहू दे. अक्षरं काढून टाक. मी आत माईक घेऊन बसते आणि तोंडी सांगते."

जागा म्हणून गावाबाहेरचे अस्तराहा ठरले. अस्तराहा म्हणजे उंच भिंतीआडचे भाड्याचे बंगलेवजा घर. त्यात हिरवळ, कारंजे, बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. तिथल्या रखवालदाराकडे छापील कागद होता. समारंभ कोणता, त्यावर खूण करायची: लग्न, साखरपुडा, बारसे, शोक. सिनेमा नव्हता. मुझम्मिलने त्याला समजावले. रखवालदाराने दोनदा ऐकले, म्हणाला, "म्हणजे बायका जमणार, जेवणार, आणि शेवटी रडणार?" आणि लग्नावर खूण केली.

त्यामुळे त्या संध्याकाळी पुरुषांचा भागही उघडला गेला, दारावर दिव्यांच्या माळा लागल्या, आणि कॉफीवाल्याने, बाहेर एकटाच कोट घालून उभा असलेला मुझम्मिल पाहून, त्याचा हात दोन्ही हातांत धरून मुबारक दिली. मुझम्मिलने नाकारले. कॉफीवाला समजूतदारपणे हसला. मासूमा आतून येताना दिसली तेव्हा त्याने तोंड फिरवले, जणू पहिल्या बायकोसमोर विषय नको.

पुरुषाला बायकांच्या बैठकीत पाऊल टाकता येत नाही, तेव्हा लॅपटॉप, आवाजाचे यंत्र आणि मुझम्मिल यांची रवानगी ड्रायव्हरच्या खोलीत झाली. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि मोजे. खिडकीतून वायरी आतल्या दिवाणखान्यात सोडलेल्या. मदतीला म्हणून गफूरभाई आणि अण्णासाहेब आले होते, म्हणजे खाटेवर बसले होते. आत दारापाशी मासूमा प्लॅस्टिकची टोपली घेऊन उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकीचा मोबाईल त्यात घेत होती. फोटो निघायला नकोत म्हणून. सहरने हे काम दुसऱ्या कोणावर सोपवले नव्हते.

अडचण सुरू झाली ती यजमानपणाने. सौदी बायका वेळेवर येत नाहीत, आणि एकत्र येत नाहीत. एक आत्या आली की सहरने उठायचे, दारापर्यंत जायचे, गालाला गाल लावायचे, घरच्या प्रत्येकाची खुशाली विचारायची, उदाची धुरी फिरवायची, कॉफी ओतायची. ते संपते न संपते तोच दुसरी आत्या. सिनेमा सुरू झाला तरी आत्या येतच होत्या. म्हातारी पडद्यावर ओरडत होती आणि सहर दारात मामेआजीच्या गुडघ्यांची चौकशी करत होती. मुझम्मिलचा फोन वाजला.

"उस्ताद, मला बसताच येत नाहीये. माईक तुमच्याकडेच ओढून घ्या," सहर कुजबुजली. "तुम्ही बोला."

"मी? बायकांत?"

"काकूला विचारलं. ती म्हणाली, आवाजाला काय, रेडिओ समजू."

"मला फ्रेंच येत नाही."

"गोष्ट तर येते. यल्ला, चला, आत्या आली."

आता मुझम्मिलच्या अरबीबद्दल. ती तो ना शाळेत शिकला होता ना पुस्तकातून. ती तो गोदामात शिकला होता, हमाल, ट्रकवाले आणि पोलीस यांच्याकडून. त्या अरबीत क्रियापदे चालत नाहीत, उभी राहतात. 'नाही'ला 'माफी', 'संपले'ला 'खलास', आणि उरलेले हातवाऱ्यांनी. कॉम्प्रेसर विकायला ती पुरे. पण आज त्या अरबीत एका फ्रेंच खानदानी विधवेने आपले दुःख सांगायचे होते, आणि हातवारे भिंतीपलीकडे दिसत नव्हते.

त्याने घसा खाकरला. आत, मोठ्या कर्ण्यातून, एका रत्नागिरीच्या पुरुषाचा घसा साफ झाल्याचा आवाज घुमला. मग म्हातारी म्हणाली, "इंता रूह. अना माफी रूह." तू जा, मी जाणार नाही.

आत कोणीतरी फिस्सकन हसले.

"आवाज बारीक काढ," गफूरभाई म्हणाले. "बाई आहे ती."

मुझम्मिलने आवाज बारीक काढला. अधिकारीण म्हणाली, "बाग खलास. कागद फी. मुदीर माफी मालूम." बाग गेली, कागद आहे, साहेबाला काही माहीत नाही. आता हसणे लाटेसारखे आले. मुझम्मिलचे कान तापले. सिनेमा दुःखाचा आहे, हे त्याला चांगले माहीत होते. पाऊण तास उरला असला तरी तो पाऊण तास दुःखाचाच होता. त्याने जास्त दर्द ओतला. दर्दाने बारीक आवाज फाटला. आत बायका गालिच्यावर लोळत असाव्यात असा आवाज येऊ लागला.

"सोलकर, हे विडंबन होतंय," अण्णासाहेब म्हणाले.

"मग तुम्ही बोला."

"मला अरबी येत नाही. पण तत्त्व म्हणून सांगतोय."

एक पेला कापायचा राहून गेला होता. तो आला आणि मुझम्मिलची जीभ अडखळली. "व्हिम्टो," त्याने सांगितले. आतून टाळ्या पडल्या. पडद्यावर पाद्री दिसला तसा गफूरभाईंनी माईक ओढला आणि त्याला शेजारचे हाजीसाहेब करून दुवा दिली. बायकांनी मोठ्याने आमीन म्हटले.

असे करत करत शेवट जवळ आला. आणि इथे मुझम्मिल अडला. मैत्री कापून गेली होती. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात का पडणार आहेत, याला सिनेमात एकही कारण शिल्लक नव्हते. स्टेशन दिसायला लागले, गाडी येत होती, काहीतरी बोलणे भाग होते. आणि सबंध संध्याकाळचा संताप, कूलर, ग्लास, कॉफीवाल्याची मुबारक, हे सगळे एकदम जिभेवर आले. म्हातारी बोलू लागली, आणि मुझम्मिलला उशिरा कळले की ती आपले बोलते आहे.

"तू बसली माझी खुर्ची," म्हातारी मोडक्या अरबीत म्हणाली. "माफी मुश्किल. तू चांगली मुलगी, तू माझी भाकरी खाल्ली. पण माझी मुलगी शाळा. एक वर्ष बारावी. बारावी खलास, मग अना रूह. आत्ता रूह, मुलगी कुठे रूह?"

फ्रान्समधल्या निपुत्रिक विधवेला अचानक बारावीतली मुलगी झाली, याचे आत कोणाला काही वाटले नाही. बायका हसून हसून दमल्या होत्या, पुन्हा हसल्या. पडद्यावर दोघी रडल्या, गाडी सुटली, दिवे लागले. गफूरभाईंनी मुझम्मिलच्या पाठीवर थाप मारली. तो ड्रायव्हरच्या खाटेवर मोज्यांवरच बसला. आपण सहरचा सिनेमा बुडवला आणि आपली खुर्चीही, एवढेच त्याला समजत होते.

मासूमा वायर गुंडाळायला खिडकीशी आली. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सगळ्या हसत होत्या. सहर आणि मी नाही हसलो." आणि वायर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र आक्रीत घडले. उम्म इब्राहीमने घरी जाऊन नवऱ्याला सांगितले की इतक्या वर्षांत आपण इतक्या हसलो नव्हतो. सिनेमा ही अत्यंत सभ्य गोष्ट आहे. त्यात हाजीसाहेब आहेत, दुवा आहे, लोक व्हिम्टो पितात. मुलीला लियाँला जाऊ द्या. कफिलाने मान डोलावली. सहरला ही बातमी बोळात, कूलरपाशीच समजली. तिने हातांनी तोंड झाकले.

मुझम्मिलने तोंडभर अभिनंदन केले आणि लगेच टेबलावरचा आपला पेनांचा डबा उचलला. खोलीच्या दारापर्यंत त्याने तो नेलाही होता. तेवढ्यात गफूरभाई पासपोर्टांची थैली घेऊन आले.

"पोरगी जाते म्हणे?"

"जाते," मुझम्मिल म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हते.

"वाईट झालं. मग तुझा इकामा काही होत नाही."

मुझम्मिलने पेनांचा डबा छातीशी धरला. गफूरभाई सावकाश पाणी प्यायले, ग्लास त्यांनी सवयीने त्याच्या टेबलावर ठेवला, आणि समजावले. कंपनीत ठरल्याएवढी सौदी माणसे असली तर सरकारच्या संगणकात कंपनी हिरवी. हिरवी असेल तर परदेशी लोकांचे इकामे वाढतात. सहर आली म्हणून आपण हिरवे झालो. तिचे नाव निघाले की आपण लाल. लाल कंपनीत इकामा वाढत नाही, कोणाचाच. दुसरा सौदी शोधेपर्यंत शाबान उलटून जाईल.

"ती माझी जागा घ्यायला आलीय ना?"

"जागा घ्यायला आली. पण तिच्या नावावर तर तू इथे आहेस."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू मला सिनेमाचं विचारलंस," गफूरभाई शांतपणे म्हणाले. "इकाम्याचं कधी विचारलंस?"

त्यानंतरचे दिवस मुझम्मिलने जे केले ते त्याच्या स्वभावात बसत नव्हते. त्याने सहरला काम शिकवले. फायलीत काय आहे ते शिकवले, कोणते गिऱ्हाईक खोटे बोलते ते शिकवले, कस्टममधल्या कोणाला खजूर आवडतात तेही. खुर्चीचे स्तुतिपाठ गायले. पाठीला आराम, वर वाऱ्याचा झोत, कुरकुर म्हणजे तर संगीतच. सिनेमाच्या धंद्यात माणसे कशी रस्त्यावर येतात याच्या त्याने गोष्टी सांगितल्या. अण्णासाहेबांची फिल्म सोसायटी बुडाल्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि ती खरी होती म्हणून तिचा कमी परिणाम झाला. सहर ऐकून घेई. मध्येच कोटेशनवर काहीतरी लिही.

मग एका दुपारी ती सहज म्हणाली, "उस्ताद, मी नाही जात. पुढे कधी बघू."

"का?" मुझम्मिलने विचारले, विचारण्याची पद्धत असते म्हणून.

"थंडी फार असते तिकडे."

मुझम्मिल घरी आला तो विजयी. आपण बोलायला लागलो की समोरच्याचे मन वळते, असे त्याने मासूमाला सांगितले. ती मोरीपाशी बांगडे साफ करत होती.

"ती दुपारी येऊन गेली," मासूमा म्हणाली. "बारावी कधी संपते, विचारत होती."

"कसं विचारलं? तुम्हाला बोलता कुठे येतं?"

"अफशाँचं पुस्तक हातात घेतलं आणि भुवया वर केल्या. मी बोटांनी महिने दाखवले."

"आणि?"

"आणि तिने मान हलवली. मग बसून भाकरी खाल्ली. त्या दिवशी माईकवर तुमची म्हातारी बोलली ना, तेव्हाच तिला कळलं होतं सगळं." मासूमाने बांगडा उलटा केला. "तिला सांगू नका हं, मी सांगितलं म्हणून."

"थंडीचं म्हणाली ती मला."

"लियाँला चार हिवाळे काढलेली पोरगी थंडीला भिईल?"

पंखा बंद होता तो मुझम्मिलने उगाच लावला.

इकामा शाबानआधी वाढला. आता या सगळ्याची कोणी काय किंमत मोजली ते मांडायचे, तर ते असे.

गफूरभाईंनी काही मोजले नाही. ते अस्तराहात पोटभर कब्सा जेवले आणि हाजीसाहेब म्हणून त्यांचा नावलौकिक झाला. अण्णासाहेबांनी तत्त्व मोजले, पण ते वापरात नव्हतेच. उम्म इब्राहीमला काही मोजावे लागले नाही, उलट तिला चटक लागली; दर महिन्याला तिला तीच म्हातारी हवी असते, सिनेमा कोणताही असो. मुझम्मिलने खुर्ची मोजली, कायमची, आणि वर महिन्यातून एका संध्याकाळी तो ड्रायव्हरच्या खोलीत बारीक आवाजात बाई होतो. अफशाँने काहीच मोजले नाही. ती बारावीला बसली आहे, आणि घरात कोणी मोठ्याने बोलले की दार लावून घेते.

सहरने अख्खे लियाँ मोजले, आणि विचारणाऱ्याला थंडीचे कारण सांगितले.